२०२४च्या विधानसभेला राज्यभर महायुतीची लाट होती, मग सोलापूर जिल्ह्यात निकाल उलटा कसा लागला?

पूर्ण उलटा नाही, पण वेगळा नक्कीच. २८८पैकी भाजप १३२, शिंदेसेना ५७, अजितदादा ४१ असं राज्याचं चित्र. आपल्या जिल्ह्यात ११ जागा. त्यात भाजपला ५ आणि विरोधकांना ६. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट, पंढरपूर भाजपकडे. करमाळा, माढा, मोहोळ, माळशिरस शरद पवारांकडे. त्यांच्या पक्षाला अख्ख्या राज्यात १० जागा, त्यातल्या ४ इथल्या!

माझ्या मते खरं कारण त्याआधीच्या लोकसभा निवडणुकीतच आहे. अकलूजचे मोहिते-पाटील पवारांकडे गेले, धैर्यशील माढ्यातून खासदार झाले आणि तो जोर विधानसभेपर्यंत टिकला. इकडे ऊस, कारखाना, पाणी आणि गट यांवर मत फिरतं. माढ्यात जिंकलेले अभिजित पाटील विठ्ठल कारखान्याचे अध्यक्ष, यातच सगळं आलं. बार्शीत दिलीप सोपल मशालीवर, म्हणजे ठाकरेंच्या शिवसेनेकडून आले. सांगोल्याने गणपतराव देशमुखांचा नातू निवडला, शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) लाल बावटा परत फडकला. याचा मला मनापासून आनंद झाला.

शहर मध्य मात्र काँग्रेसच्या हातून गेलं. तिथल्या आमदार प्रणिती शिंदे खासदार झाल्यावर तिथे भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले.