माहेरच्या तालुक्यातूनही अर्ज करता येतो

प्रश्न : मी दोन मुलांसह केज तालुक्यात माहेरी आले आहे. नवऱ्याबरोबर तीन हंगाम ऊसतोडीला गेले. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) तो घेतो आणि फडावर, म्हणजे तोडीच्या उसात, मारहाण करतो. महिन्याभरात टोळी निघेल. तो म्हणतो, ‘पोरगं घेऊन जातो, आणि केस करायची तर माझ्याच गावाकडं करावी लागंल.’ मुलगा तिसरीत आहे. इथली शाळा दाखल्याशिवाय त्याला घेत नाही.

उत्तर : ताई, केसबद्दल तो सांगतो ते चूक आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम २७ प्रमाणे तुम्ही सध्या जिथे राहता, मग ते तात्पुरते का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो.

आधी तुमच्या भागातील संरक्षण अधिकारी गाठा. ते कोण, हे १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा बीडच्या महिला व बालविकास कार्यालयात कळेल. ते ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरतात. पुढचे बरेच काही या कागदावर ठरते, म्हणून घाई करू नका. ‘नेहमी मारतो’ एवढेच लिहिले तर कोर्टापुढे काहीच उभे राहत नाही. तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा : संक्रांतीच्या आदल्या दिवशी, फडावर, कोयत्याच्या मुठीने, डाव्या दंडावर, शेजारच्या कोपीतल्या (झोपडीतल्या) बाईने पाहिले. दवाखान्यात भीतीपोटी ‘पडले’ असे सांगितले असेल, तर तसे का सांगावे लागले तेही अहवालात येऊ द्या. नाहीतर तोच केसपेपर पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

खर्चाच्या मागणीत ऊसतोडीच्या बायकांचे हमखास नुकसान होते. नवरा-बायकोची जोडी मिळून एकच ‘कोयता’ धरतात आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे तुमचे कष्ट कागदावर दिसतच नाहीत. उत्पन्नाच्या शपथपत्रात त्याच्यापुढे नुसते ‘मजूर’ लिहू नका. मुकादमाचे नाव, उचलीची रक्कम, हंगामात साधारण किती टन तोड झाली आणि त्यात तुम्ही बरोबरीने राबलात, हे सगळे लिहा.

अर्ज टोळी निघण्याआधी द्या. नवरा कारखान्यावर गेला की नोटीस बजावली जात नाही आणि तारखा पडत राहतात. तो गेलाच तर कारखान्याचे नाव, टोळीचा मुक्काम आणि मुकादमाचा मोबाईल नंबर कोर्टात द्या. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणून त्याच अर्जात कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागाच. शपथपत्रावरून तो एकतर्फीही मिळू शकतो.

मुलांसाठी कलम २१ खाली तात्पुरता ताबा मागा. आदेश नसेल तर पोलीस ‘तोही बापच आहे’ म्हणून हात वर करतात. मुलाच्या शाळेत येण्यास मनाईही मागा. आदेशाची प्रत मोफत मिळते, ती मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवा.

दाखल्याचे म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका. लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तरी ऐकले नाही तर तीच पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

आणि मुकादम उचलीसाठी तुमच्या दारात आला, तर घाबरून कशावरही अंगठा देऊ नका. उचलीपोटी कुणाला जबरदस्तीने राबवणे १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

वकिलाचा खर्च तुमच्यावर पडू नये. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

प्रश्न : परभणीत दिलेल्या माझ्या बहिणीला घटस्फोट नको, नवऱ्याला तुरुंगही नको. फक्त मार थांबायला हवा. तिला सासरचे घर सोडावे लागेल का?

उत्तर : नाही. घर सासूच्या नावावर असले, तरी ती तिथे नवऱ्याबरोबर नांदत असेल तर कोर्टाच्या आदेशाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. २००५ च्या त्याच कायद्यातील कलम १८ चा संरक्षण आदेश घटस्फोट न मागता आणि फौजदारी गुन्हा न नोंदवता मिळतो. तो मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात पोचली आहे ना, हे तिने स्वतः जाऊन पाहावे.

एखाद्या रात्री जीवावर बेतले तर आधी पोलिसांच्या मदतीसाठी ११२ वर फोन. मुलांसह काही दिवस राहण्यासाठी जिल्ह्याचे सखी वन स्टॉप सेंटर आहे. फोनवरच मुलांची वये सांगा, कारण मोठ्या मुलग्यांना तिथे ठेवण्यावर मर्यादा असते. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत घालून आजच तुमच्याकडे आणून ठेवा.