दर उन्हाळ्यात कारच्या एसीचा गॅस भरावा लागतो, दोन-तीन महिन्यांत कूलिंग जातं. लीक कुठे आहे हे कसं शोधायचं?

गॅस आपोआप ‘संपत’ नाही. सिस्टीम बंद असते. इतक्या लवकर कमी झाला म्हणजे लीक आहेच. त्यामुळे नुसता टॉप-अप करून घेऊ नका.

आधी बॉनेट उघडून टॉर्चने बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, म्हणून लीकच्या जागी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. पाइपचे जॉइंट, कॉम्प्रेसरचा पुलीकडचा भाग आणि समोरचा कंडेन्सर (रेडिएटरसारखी दिसणारी, गॅस थंड करणारी जाळी) नीट तपासा. कंडेन्सर खडी उडून फुटतो. गॅस भरायच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बारीक बुडबुडा हळूहळू फुगला तर फक्त व्हॉल्व्हचा पिन बदलायचा, अगदी किरकोळ खर्च!

गॅरेजवाला व्हॅक्यूम लावून ‘काटा हलला नाही, लीक नाही’ म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका. बारीक लीक व्हॅक्यूममध्ये बऱ्याचदा सापडतच नाही, कारण ती दाबाखाली उघडते. नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायला सांगा, किंवा यूव्ही डाय (अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणारा रंग) टाकून काही दिवसांनी अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघायला सांगा.

बाहेर काहीच सापडलं नाही तर संशय डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर. आर-१३४ए (बऱ्याच कारच्या एसीत असतो तो गॅस) हवेपेक्षा जड असतो, म्हणून ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवून कॉइलच्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी गॅस ओळखणारा डिटेक्टर धरतात. ही खात्री झाल्याशिवाय डॅशबोर्ड खोलू देऊ नका. लीक बुजवणारं केमिकलही टाकू देऊ नका, त्याने एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारा बारीक व्हॉल्व्ह) चोक होऊ शकतो.