टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमची वाट पाहताना

टेलरच्या नव्या अल्बमची वाट पाहायची पहिलीच वेळ ना तुझी? मग रात्रभर जागायचं खूळ आधी डोक्यातून काढ. या अमेरिकन गायिकेचा अल्बम येतो तो न्यूयॉर्कच्या मध्यरात्री. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊ, आणि हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा. रजा टाकणार असशील तर पूर्ण दिवसाची टाक. 2022 मध्ये 'मिडनाइट्स' आला आणि तीन तासांनी आणखी 7 गाणी आली. 2024 मध्ये 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'च्या वेळी तर दोन तासांनी 15 गाणी टपकली, एकूण 31! दुपारी ऑफिसला पोचायचं कबूल केलेल्यांचे काय हाल झाले असतील, बघ.

तिने लपवलेले संकेत शोधायचे तर खुशाल शोध, ती ते मुद्दामच पेरते. सुरुवातीच्या अल्बमांच्या पुस्तिकांत गाण्यांमधली मोठी अक्षरं जोडली की निरोप मिळायचा. पण तिच्या नेलपॉलिशच्या रंगावरून अल्बमची तारीख काढणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. 2020 मध्ये 'फोकलोर' जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी आलासुद्धा. सगळे ज्योतिषी तोंडावर पडले.

लीक झालेली गाणी कुणीतरी पाठवेलच. उघडू नकोस. ऐकताना शफल बंद, क्रमानेच ऐक. पाचवं गाणं मात्र लोकलच्या गर्दीत नको, सगळ्यात हळवं ती बहुधा तिथेच ठेवते. आणि त्याच अल्बमच्या निरनिराळ्या कव्हरांच्या रेकॉर्डी? आधी अल्बम ऐक, मग पाकिटाला हात घाल.