जुनी टाकी मोडायची नाही

अरे,

तुझा खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यटाकीचा बेत वाचला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी, खाली संप, म्हणजे पाणी गाळायची छोटी टाकी, त्यात स्किमरची, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची जागा आखलेली, ओव्हरफ्लोला जास्तीचा पाइप. सगळं मन लावून केलंयस. आणि शेवटची ओळ: "रविवार सकाळ, जुनी रिकामी. रविवार संध्याकाळ, नवी चालू." ती ओळ खोड. जुनी टाकी मोडायची नाही. त्या रविवारी नाही आणि त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

परवा फोनवर तू अर्धा तास लाइटबद्दल बोललास. कुठला घेऊ, किती वॉटचा, दोन की तीन. मी ऐकून घेतलं. पण तुझ्या आवाजावरून मला कळत होतं की पोटात गोळा वेगळ्याच कारणाने आलाय. दोन फुटी टाकीत सगळं सुरळीत चाललंय आणि ते आता तुझ्याच हाताने उचकटायचंय, ही खरी भीती. रास्त भीती आहे. मग उचकटतोस कशाला?

पण आधी जमिनीचं बोलू, कारण तिच्याकडे तू सगळ्यात कमी लक्ष दिलंयस. ही टाकी काठोकाठ 680 लिटरची. थोडी खाली ठेवून भरलीस तरी सहाशे-साडेसहाशे किलो नुसतं पाणी. 12 मिलिमीटर काचेची रिकामी टाकीच सव्वाशे किलोच्या घरात जाते. खडक, वाळू, लोखंडी स्टँड, भरलेला संप धरला की एक टनाजवळ पोचलास, आणि हे सगळं जेमतेम 1.1 चौरस मीटर जागेवर. राहत्या खोल्यांसाठी आयएस 875 या भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो. लगेच हातपाय गाळू नकोस. भार स्लॅबवर पसरतो, आणि बीमवर, भिंतीलगत ठेवलेल्या टाकीचा हिशेब खोलीच्या मधोमध ठेवलेल्या टाकीपेक्षा वेगळा असतो. पण तू ती हॉल आणि जेवणघराच्या मध्ये, पार्टिशन म्हणून काढलीयस! छान दिसेल, मान्य. तिथे खाली बीम आहे का? तुला माहीत नाही, मला माहीत नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना तर नाहीच. "आपली बिल्डिंग मजबूत आहे" हे त्यांचं मत झालं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलव, त्याची फी दे आणि लेखी घे. लिफ्टचं मापही घेऊन ठेव, नाहीतर सव्वाशे किलो काच जिन्याने वर चढवायला माणसं शोधत बसशील.

आता पाणी. तुझ्या पंचाहत्तर लिटरच्या टाकीत आठवड्याला दहा टक्के बदलायचे म्हणजे अर्धी बादली आणि पाव किलोच्या थोडं वर मीठ. नव्या टाकीत तेच दहा टक्के म्हणजे साठ लिटर आणि सव्वादोन किलो मीठ, दर आठवड्याला. पहिल्या भरणीलाच बावीस-पंचवीस किलो. आणि ते पाणी ओट्यावरच्या आरओचं चालणार नाही, हे तुला ठाऊक आहे, तरी तू बेतात तेच लिहिलंयस. त्यापुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषणारे दाणे लागतात, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य व्हायला हवा. नाहीतर सिलिकेट आणि फॉस्फेट आत जातील आणि काच शेवाळाने तपकिरी होत राहील. तुमच्याकडे पुण्यात गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे बुधवारी रात्री पिंप भरलेलं हवं. हे सगळं नवीन टाकी येण्याआधी महिनाभर करून बघ. रिकाम्या पिंपावर. कंटाळा आला तर तेव्हाच येऊ दे.

मग मुद्दा. माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते खडकाला, वाळूला, संपमधल्या सच्छिद्र सिरॅमिकला चिकटलेले असतात. म्हणून "जुनं पाणी नेलं की टाकी तयार" हे जे तुला दुकानात सांगितलं ते सपशेल चूक. जुन्या पाण्यात न्यायला येतो तो मुख्यतः नायट्रेट. तू आज एक काम कर: नव्या संपसाठी घेतलेले सिरॅमिकचे तुकडे आत्ताच जुन्या टाकीच्या मागच्या कप्प्यात टाक. दीड-दोन महिने राहू देत. ते तुझं विरजण. आणि विरजण काढून घेतलं म्हणून कोणी उरलेलं दही ओतून देत नाही. जुनी टाकी मोडायची नाही.

जुनी वाळू तर अजिबात हलवू नकोस. तळाच्या थरात प्राणवायू पोचत नाही, तिथे वर्षानुवर्षांचं सडकं साचलेलं असतं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. उपसलीस की सडक्या अंड्यांचा वास येईल, आणि वास येईपर्यंत माशांचं व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एका दिवसात सगळं हलवून घेतलं होतं. दुकानातली माणसं आली, बादल्या, हातपंप, दणक्यात काम. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा टँग मासा आडवा होता. त्या दुकानदाराने मलाही तेच सांगितलं होतं, "मॅडम, एका दिवसात शिफ्ट करून देतो." देईल की. त्याला दुसऱ्या दिवशी तिथे राहायचं नसतं.

टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं म्हणजे टाकी तयार झाली असंही समजू नकोस. त्यानंतर डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ येईल, मग केसांसारखं हिरवं शेवाळ, आणि नशीब वाईट असेल तर डायनो: तारा सुटलेला तपकिरी चिकट थर, त्यात अडकलेले बुडबुडे, सकाळी कमी आणि दुपारी सगळीकडे. नव्या टाकीला हे दिवस चुकत नाहीत. प्रश्न एवढाच की तेव्हा तुझे झोआ, ते फुलांसारखे दिसणारे प्रवाळाचे भाऊबंद, कुठे असतील. ते जुन्या टाकीत असले तर तू शांतपणे वाट बघशील. नव्या टाकीत असले तर तू रात्री अकरा वाजता कसलीतरी बाटली ओतशील. तुला मी ओळखते.

मी जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धरून उभी राहिले, म्हणून मोजण्याचंही सांगते. अल्कलिनिटीची, म्हणजे पाण्याच्या आम्ल झेलण्याच्या ताकदीची चाचणी दोन्ही टाक्यांत करायची, दिवे लागायच्या आधी, रोज एकाच वेळी. पाच मिलिलिटर पाणी, निळ्याचं पिवळं होईपर्यंत किटमधल्या द्रावाचे थेंब, थेंबाला एक डिग्री. नळी पांढऱ्या कागदासमोर धर, पिवळ्या ट्यूबलाइटखाली नको. आठ-नऊच्या आत-बाहेर असलं की पुरे, पण आज आठ, परवा अकरा असं चालणार नाही. नवीच्या आकड्यांना शेजारी जुनीचे आकडे असले की तुला कळतं, गडबड टाकीत आहे की किटमध्ये. एकच टाकी असलेला माणूस तेवढ्यावरून आठवडाभर झोपत नाही.

मग हळूहळू पाठवायला लाग. आधी एक मशरूम, तोही झोआंसारखाच प्रवाळाचा भाऊबंद, आणि झोआ चिकटवलेली एक चकती. मग दोन-चार गोगलगायी. क्लाउन माशांची जोडी सगळ्यात शेवटी, आणि ज्या लेदरमध्ये, म्हणजे मऊ प्रवाळात, ती दोघं झोपतात तो लेदर त्यांच्याबरोबरच. एवढ्या मोठ्या पाण्यात ती आधी एका कोपऱ्यात, पंपाच्या नळीपाशी चिकटून बसतील. मोठी, ती मादी, पुढे येऊन बघेल. धाकटा तिच्या पाठीमागे. लेदर ओळखीचा असला की चार दिवसांत मधे पोहायला लागतात.

नवा मासा मात्र थेट मोठ्या टाकीत जाणार नाही. रिकामी होत आलेली जुनी टाकी तेव्हा त्याची. चार-सहा आठवडे डोळ्यांसमोर राहू दे. रोगाचे पांढरे ठिपके आले तर ते तिथे येऊ देत. सहाशे लिटरमध्ये आले तर सगळे मासे काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवत बसशील. फक्त जुन्या टाकीत तांब्याचं औषध घालू नकोस. त्यात चकती, गोगलगाय काहीही असलं तरी मरेल. औषध द्यायचं तर प्लॅस्टिकच्या टबात दे.

अॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाबद्दल विचारलंयस. उत्तर नाही. रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या परिशिष्टात 2001 पासून आहेत, आणि समुद्रपंखे, समुद्रघोडे यांनाही त्याच कायद्याचं संरक्षण आहे. मालवणहून दगड आणून देतो म्हणणारा तुझा मित्र स्वतःही अडकेल आणि तुलाही अडकवेल. झोआ, मशरूम, लेदर यांनी सहा फूट भरत नाहीत असं तुला वाटत असेल तर तू अजून नीट भरलेली टाकी पाहिली नाहीस. क्लाउन हवे असतील तर पाळून वाढवलेले घे. ऐरोलीला आता त्यांची पैदास होते, समुद्रातून ओरबाडलेले कशाला हवेत?

उन्हाळ्याचं थोडक्यात. तुझ्या कोरड्या एप्रिलमध्ये लहान टाकीवर पंखा लावून दोन-तीन डिग्री उतरतात. आमच्या ठाण्याच्या दमटपणात तेवढंही नाही. मोठ्या टाकीला पाणी थंड करणारा चिलर लागेलच, आणि वीज गेली तर चिलर इन्व्हर्टरवर चालणार नाही. इन्व्हर्टरवर फक्त पाणी हलवणारा पंप ठेव. मासे उष्णतेच्या आधी प्राणवायू कमी पडून मरतात.

तू म्हणशील, काकू, दोन टाक्या म्हणजे दुप्पट काम. माझ्या घरीही हेच म्हणतात. "दोन-दोन समुद्र कशाला?" हा प्रश्न आमच्याकडे दर बिलाबरोबर येतो. धाकटीचा लाइट आणि पंप मिळून साठ वॉट होत नाहीत, हे मी सांगून सांगून थकले. आणि त्याच धाकटीतल्या चार झोआंच्या चकतीवरून मी एका मे महिन्यात चिलर बंद पडल्यावर मोठी टाकी पुन्हा उभी केली. तेव्हा कोणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात परत सुरू.

हट्टाची किंमत मी मोजली आहे, ते लपवत नाही. आम्ही तळमजल्यावर राहायचो तेव्हा आठ फुटांची भिंत रिकामी होती, खाली सरळ जमीन. आठ फुटी टाकी घ्यायची तर धाकटी ठेवायला जागा उरत नव्हती, म्हणून मी घेतली नाही. मग चौथ्या मजल्यावर आलो आणि ती भिंत गेली ती गेलीच. लोक म्हणतात मी घाबरले. घाबरले नव्हते, हिशेब केला होता. तरी परवा तुझ्या आराखड्यातली ती सहा फुटांची रेघ बघताना मला जरा वाईटच वाटलं. वाटू दे. आजही तोच हिशेब करीन.

तुझ्याकडे जागेची सबब नाही. जुनी टाकी तुझ्या खोलीत टेबलाशेजारी आहे, तिथेच राहू दे. बेतातली पार्टिशनची जागा सोडून भिंतीलगतच्या दोन जागा इंजिनिअरला दाखव. तो काय म्हणतो ते लेखी आल्यावर मला फोटो पाठव. काचवाल्याला त्याआधी आगाऊ रक्कम देऊ नकोस, तो कितीही घाई करो. आणि ते सिरॅमिक आजच टाक, नळाखाली धुऊन नको, आरओच्या पाण्याने धुऊन.

तुझी,
काकू