आधी नर्सचा पगार

प्रिय बाय,

‘मरणाच्या दारातल्या माणसाच्या घरी पैशाचं काढायला जीभ रेटत नाही,’ असं लिहिलंस. माझीही रेटली नव्हती. त्याची किंमत आमच्या नर्सने भरली.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बऱ्या न होणाऱ्या पेशंटांच्या घरी जाऊन आम्ही त्यांच्या वेदना कमी करायचो (पॅलिएटिव्ह केअर). त्या घरभेटींसाठी एका देणगीदाराने गाडी दिली होती. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या पावसाळ्यात गाडी अंगणात भिजत उभी, कारण चार महिने पगार न मिळालेली नर्स आखातात निघून गेली. वाळपईपलीकडे एक आजोबा होते, त्यांच्या पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग तीच करायची. पुढचे नऊ दिवस कुणीच गेलं नाही. दहाव्या दिवशी मी पोचले, तेव्हा घरात समई लावलेली होती.

वेदनेवरची मॉर्फिनची गोळी स्वस्त असते गं. ती किती वाजता द्यायची, सोबत पोट साफ होण्याचं औषध का द्यायचं, हे सुनेला चुलीपाशी बसून शिकवणारं माणूस महाग. म्हणून आधी नर्सचा पगार. मग गाडी, मग फलक.

सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा निधी वाटणारे, म्हणतील, ‘पगार नको, वस्तू मागा, प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे.’ मान डोलावून परत येऊ नकोस! ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारखर्चाला आहे. घरोघर जाणाऱ्या नर्सचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. मी हे वाचलंच नव्हतं, याची अजून चीड येते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेवरही विसंबू नकोस, ती इस्पितळातल्या उपचारांसाठी आहे.

आणि पेशंटच्या उशाशी कशाला मागतेस? वाड्यावर, आपल्या वस्तीत माग. केरळात १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेलं हेच काम गावोगाव पसरलं ते शेजाऱ्यांच्या लहान लहान वर्गणीवर. आपल्याकडे जत्रेची वर्गणी कुणी चुकवतं का? देवळाच्या समितीपुढे उभी राहा, महिन्याचा आकडा सांग, वर्षाचा हिशेब तिथेच वाचून दाखव.

नंतर मी नियम केला: सहा महिन्यांचा पगार बँकेत नसेल, तर नवा पेशंट घ्यायचा नाही. लोक मला दगडाच्या काळजाची म्हणाले. म्हणू देत. घेतलेल्या एकाही पेशंटला त्यानंतर मी मध्येच सोडलं नाही. नाकारलेल्यांची नावं मात्र वहीत आहेत, ती मी फाडलेली नाही.

रविवारी ये. घरभेटींची नोंदवही आणि पेट्रोलच्या पावत्या आण. एका भेटीला खरा किती खर्च येतो ते काढू, आणि पहिली ओळ कुठली लिहायची ते आता विचारू नकोस.

तुझी,
मावशी