पट्टा किती तास, किती महिने?

कमरेचा पट्टा आणि पाठीचा ब्रेस (कण्याला आधार देणारं कडक कवच) यांबद्दलची पत्रं थांबत नाहीत, आणि त्यांतला गोंधळही तोच तोच असतो. ज्यांनी पट्टा केव्हाच काढून ठेवायला हवा होता, ते तो वर्षानुवर्षं लावून बसलेत. ज्या मुलींनी ब्रेस दिवसभर घालायला हवा, त्यांचा ब्रेस कपाटात आहे किंवा अजून बनवायलाच टाकलेला नाही. पट्टा हे औषध आहे. कोणाला द्यायचं, किती तास आणि कधी बंद करायचं, हे तिन्ही ठरवूनच ते द्यावं लागतं. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना देते आहे.

प्रश्न : रात्री झोपताना कमरेचा पट्टा लावून ठेवावा का? (वय ४४, जळगाव)

नाही. मणक्याचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं असेल, तरच.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी कंबर धरली. एक्स-रेमध्ये मणक्यात गॅप निघाला. तेव्हापासून सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पट्टा असतो. काढला की आधारच गेल्यासारखं वाटतं. कायम लावला तर काही बिघडेल का? (बँक कर्मचारी, वय ५१, सोलापूर)

बिघडेल, पण त्याआधी 'गॅप'बद्दल सांगते, कारण या एका शब्दाने महाराष्ट्रातल्या असंख्य कंबरा घाबरवून ठेवल्या आहेत. एक्स-रेत हाड दिसतं, मणक्यामधली गादी दिसत नाही. म्हणून दोन मणक्यांमध्ये मोकळी जागा असल्यासारखं वाटतं, आणि ती जागा प्रत्येकाच्या एक्स-रेत असते. वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि ती जागा उलट कमी होते. म्हणजे लोक ज्याला 'गॅप पडला' म्हणतात, ते बहुतेक वेळा अंतर कमी झाल्याचं वर्णन असतं. त्याला इतकं घाबरायचंही कारण नाही. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय अभ्यासले गेले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. पट्टा ती झीज भरून काढत नाही.

आता तुमच्या चार वर्षांविषयी. कंबर धरल्यावर काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे, उठबस करताना किंवा प्रवासात पट्टा लावला तर आराम पडतो. एवढ्या वापराने स्नायू खंगत नाहीत. पण दिवसभर पट्टा लावणारा माणूस हळूहळू वाकणं सोडतो, उचलणं सोडतो, चालायलाही भितो. मग पोटाचे आणि पाठीचे स्नायू ढिले पडतात, आणि 'पट्ट्याशिवाय जमत नाही' हे खरं होऊन बसतं.

तरीही उद्यापासून एकदम काढून टाकू नका. आधी घरात बसलेले असताना काढा, मग ऑफिसात खुर्चीवर. दर तीन-चार दिवसांनी एकेक तास कमी करा आणि पट्टा फक्त लांबच्या प्रवासापुरता आणि वजन उचलण्यापुरता ठेवा. मग हळूहळू तोही सुटतो, मात्र सोबत फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम रोज झाले पाहिजेत. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा पावलात कमजोरी असेल, तर हा कार्यक्रम सुरू करण्याआधी तपासून घ्या. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : गोदामात हमालीचं काम करतो. कंबर दुखत नाही, पण आधीपासून पट्टा लावला तर पुढे दुखणार नाही असं दुकानदार म्हणतो. (वय २९, नवी मुंबई)

दुकानदाराला पट्टा विकायचा आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९४ सालीच सांगितलं होतं की निरोगी कामगाराने दुखणं टाळण्यासाठी पट्टा लावावा अशी शिफारस करता येत नाही. पुढे २००० साली १६० दुकानांमधल्या नऊ हजारांहून जास्त माल हलवणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही पट्ट्याने दुखणं कमी झालेलं दिसलं नाही. ओझं अंगाजवळ धरा, उचलता उचलता कमरेत वळू नका, जड नगाला दुसरा माणूस घ्या. पट्टा लावल्यावर माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त उचलायला जातो, हे मी ओपीडीत पाहते.

प्रश्न : पट्टा वॉशिंग मशीनमध्ये धुतला तर चालतो का? किती दिवसांनी धुवावा? (वय ६०, पुणे)

मशीनमध्ये नको. आतल्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या काढता येत असतील तर कोणती कुठे होती ते पाहून काढा. वेल्क्रो चिकटवून बंद करा, नाहीतर त्यात धागे आणि केस अडकून त्याची पकड जाते. कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने. पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि सावलीत आडवा वाळवा. उन्हाने आणि इस्त्रीने इलॅस्टिक मरतं. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात किंवा खूप घाम येत असेल तर दोनदा. ताणल्यावर परत आकसत नसलेला पट्टा फेकून द्या.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. अजून पाळी आलेली नाही. पाठीला ३२ अंशांचा बाक निघाला. डॉक्टरांनी १८ तास ब्रेस सांगितलाय. सासूबाई म्हणतात, वाढत्या वयात आपोआप सरळ होईल. ओळखीतल्या एकांनी योगाने बरं झाल्याचं सांगितलं. शाळा बुडेल म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्रेस करून घेतला तर चालेल का? (आई, नाशिक)

नाही, चालणार नाही. याच आठवड्यात ब्रेसचं माप द्यायला जा.

'मोठी झाली की सरळ होईल' हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात खड्डा पडतो. स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या या आजारात, घडतं याच्या नेमकं उलट. पाठ वाकडी होण्याचा वेग उंची वाढण्याच्या वेगाबरोबर वाढतो, आणि मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती पाळी येण्याआधीच्या वर्षभरात. तुमची मुलगी आज त्याच काळात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचे महिने म्हणजे ब्रेसचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तेच महिने. वाढ संपल्यावर जगातला सर्वात चांगला ब्रेस आणला तरी तो तिच्या कामाचा नाही.

ब्रेसकडून काय अपेक्षा ठेवायची तेही स्पष्ट सांगते. ब्रेस पाठ सरळ करून देत नाही, तो बाक वाढू देत नाही. साधारण २५ ते ४० अंशांचा बाक आणि बरीच वाढ बाकी, असं असेल तेव्हा तो दिला जातो. ५० अंश ओलांडलेला बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो, म्हणून त्या सुमाराला ऑपरेशनची चर्चा सुरू होते. ती वेळ येऊ नये यासाठी हा सगळा आटापिटा. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलामुलींचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसती देखरेख ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं. फरक इतका ठळक होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. म्हणजे ब्रेसशिवायही काहींचा बाक वाढत नाही, हे खरं आहे. पण तुमची मुलगी त्यांच्यातली आहे की नाही हे आज कोणीही सांगू शकत नाही.

त्याच अभ्यासात ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारा सेन्सर बसवला होता, त्यामुळे ब्रेस खरोखर किती तास अंगावर होता ते कळलं. रोज सरासरी १२.९ तासांहून जास्त घालणाऱ्यांमध्ये यश ९० टक्क्यांच्या वर गेलं, आणि दिवसाला सहा तासांपर्यंतच घालणाऱ्यांना ब्रेस न घातल्यासारखाच निकाल मिळाला. म्हणून 'घालते अधूनमधून' हे उत्तर मला चालत नाही. तुम्हाला १८ तास सांगितलेत ते तेवढेच धरा. खेळाच्या तासाला, पोहायला आणि आंघोळीला तो काढता येतो. खेळ बंद करायचा नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बहुधा हनुवटीखाली कडं असलेला जुना ब्रेस असेल. तो अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या, १९४६ सालच्या रचनेचा. तो पाहिलेल्या माणसाला नातीसाठी भीती वाटणारच. पण १९७०च्या दशकात बोस्टनमध्ये काखेखाली संपणारा प्लास्टिकचा ब्रेस आला, आणि आजचे बहुतेक ब्रेस तसेच असतात. शाळेच्या गणवेशाखाली तो झाकला जातो.

योग जरूर करू द्या, पण ब्रेसऐवजी नाही. स्कोलिओसिससाठी खास बेतलेले श्रोथ पद्धतीचे व्यायाम ब्रेसच्या जोडीने शिकवले जातात, त्यासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट शोधा. ऑनलाइन मिळणारा, खांदे मागे ओढणारा इलॅस्टिकचा 'पोश्चर करेक्टर' आणू नका. बाकावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि आईबापांना मात्र उपचार सुरू झाल्याचं समाधान मिळतं, हे जास्त घातक. तयार आकाराचा ब्रेस काढून देणाऱ्या दुकानातही जाऊ नका. ब्रेस मुलीच्या अंगाचा साचा किंवा स्कॅन घेऊन बनतो, आणि तो बनवणारा ऑर्थोटिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा लागतो. बेधडक विचारा, विचारल्याचा राग येणाऱ्याकडे काम देऊ नका. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे चौकशी करा.

ब्रेस मिळाल्यावर तो घालून एक एक्स-रे काढतात, बाक पुरेसा दबतो का ते पाहायला. तो काढल्याशिवाय घरी आलात तर परत जा. पुढे दर चार-सहा महिन्यांनी तपासणी, आणि उंची वाढली की नवा ब्रेस. कधी बंद करायचा हे मणक्याचे डॉक्टर हाडांची वाढ पाहून ठरवतील. घरात धाकटी बहीण असेल तर तिलाही आज संध्याकाळी पाठमोरी उभी करा. पाय जोडून, हात जोडून पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आलेली दिसली तर तिलाही दाखवा, कारण हा त्रास घरात एकाहून जास्त मुलांना असू शकतो.

आणि मुलीला हे सगळं तिच्यासमोर सांगा. १८ तास घालणार आहे ती.

प्रश्न : मी चौदा वर्षांची आहे. वर्षभर ब्रेस घालते. पावसाळ्यात कमरेशी खूप खाज येते आणि गोल लाल चट्टे आलेत. मेडिकलमधून क्रीम आणलं, आधी बरं वाटलं, मग जास्त पसरलं. ब्रेस बंद करू का? (कोल्हापूर)

आधी शाब्बास. वर्षभर टिकून राहणं सोपं नाही.

क्रीम आजच बंद कर. कड असलेले गोल चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण, आणि मेडिकलमध्ये न विचारता मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज चार दिवस थांबते आणि बुरशी मात्र आत पसरते. आईबाबांबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ट्यूबही दाखवायला ने. ब्रेस थोडे दिवस थांबवायचा का, हे ब्रेस देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून ठरवा, मनाने बंद करू नकोस.

पुढे त्रास होऊ नये म्हणून आत अंगाला बसणारं, शिवण नसलेलं सुती बनियन घाल, ब्रेसच्या खालच्या कडेपेक्षा लांब, सुरकुती न पडणारं. दोन-तीन जादा ठेव आणि शाळेतून आल्यावर बदल. ब्रेसखाली पावडर, तेल, लोशन काहीही नको. ब्रेस रोज आतून साबणाच्या ओल्या फडक्याने पूस आणि कोरडा होऊ दे. हेअर ड्रायरने किंवा गाडीत उन्हात ठेवून वाळवू नकोस, प्लास्टिक वाकतं आणि माप बिघडतं. ब्रेस काढल्यावर दिसणारी लाली अर्ध्या तासात गेली तर काळजी नाही. राहिली, फोड आला किंवा कातडी सोलली, तर ऑर्थोटिस्टकडून ती जागा घासून किंवा गादी बदलून घ्यायची असते. त्यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस.

प्रश्न : सिझेरियनला तीन आठवडे झाले. आई जुन्या साडीने पोट घट्ट बांधते, नणंदेने हुकांचं कॉर्सेट पाठवलंय. सहा महिने घातलं तर पोट आत जातं म्हणे. (वय २८, ठाणे)

पोट बांधल्याने गर्भाशय जागेवर येत नाही. ते साधारण सहा आठवड्यांत आपसूक आकसतं. सिझेरियननंतर सुरुवातीला उठताना, खोकताना, चालताना मऊ आधार असेल तर टाके कमी दुखतात, तेवढ्यापुरतं आईची साडी किंवा रुग्णालयाचा पट्टा ठीक आहे. श्वास मोकळा हवा आणि तळहात आत सहज जायला हवा. झोपताना काढा. हुकांच्या कॉर्सेटने पोट घट्ट आवळलं की दाब खाली जातो आणि बाळंतपणात आधीच सैल झालेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर पडतो. शिंकताना लघवीचे थेंब येत असतील तर कॉर्सेट अजिबात नको. सहा आठवड्यांच्या तपासणीत पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत का ते विचारा, आणि तिथूनच व्यायाम सुरू करा. जखमेतून पाणी येत असेल तर बांधणं थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : घाम आणणाऱ्या पट्ट्याने कमरेची चरबी वितळते का?

नाही. जातं ते पाणी, आणि दोन ग्लास पाणी प्यायल्यावर परत येतं.

प्रश्न : शेती करतो. तीन महिने पाठ दुखते, रात्री जास्त. मेडिकलमधून पट्टा घेतला, त्याने निभतंय. संध्याकाळी कणकण येते, वजन पाच-सहा किलो उतरलं. सोयाबीन काढून झाल्यावर दाखवू का? (वय ३८, लातूर)

सोयाबीनसाठी थांबू नका. रात्री वाढणारं पाठीचं दुखणं, संध्याकाळची कणकण आणि उतरलेलं वजन हे एकत्र आलं की मणक्याचा क्षयरोग नाही ना, हे आधी पाहावं लागतं. पट्ट्याने हालचाल थांबते म्हणून दुखणं दबतं, आणि आत हाड खचत राहतं. असं खचलेलं हाड मज्जारज्जूवर दाबलं की पाय जातात. वेळेवर सापडलेला मणक्याचा टीबी औषधांनी बरा होतो. औषधं बरेच महिने, अनेकदा वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात, आणि ती सरकारकडून मोफत मिळतात. तेव्हा तुम्हाला आधाराचीही खरी गरज लागेल. टेलर ब्रेस नावाचा पाठीचा ताठ आधार मुळात याच आजारासाठी एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. पण तो निदानानंतर, मापाने आणि ठरलेल्या मुदतीसाठी. मेडिकलमधला पट्टा ते काम करत नाही.

या आठवड्यातच जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जा. रक्ततपासणी, एक्स-रे, एमआरआय आणि गरज पडली तर मणक्यातला नमुना काढून तपासणी, हे डॉक्टर सांगतील त्या क्रमाने करा. एक्स-रे साफ आला म्हणून घरी परतू नका, सुरुवातीला तो साफ येऊ शकतो. घरात पूर्वी कोणाला टीबी झाला असेल तर तेही सांगा. पाय जड वाटू लागले किंवा चालताना लटपटू लागले, तर पुढच्या एसटीची वाट न पाहता १०८ला फोन करा.