‘कंदी’ पेढ्यातला कंद कुठला?

कोल्हापुरातून आलेला प्रश्न: साताऱ्याच्या ‘कंदी पेढ्या’तला ‘कंदी’ म्हणजे इंग्रजी ‘कँडी’च ना? आणि हा पेढा मूळचा साताऱ्याचाच का?

पहिल्याचं उत्तर आधी. नाही. कुणा साहेबाला ‘पेढा’ म्हणता येईना, तो ‘कँडी, कँडी’ करत राहिला आणि नाव पडलं, ही कथा कोल्हापूर–पुणे रस्त्यावर इतक्यांदा ऐकू येते की आता पाट्यांवरही ‘कँडी पेढा’ रंगवलेलं दिसतं. कथा खोटी आहे, हे त्या साहेबाच्या भाषेवरूनच कळतं. विलायतेतला इंग्रज मिठाईला ‘स्वीट’ म्हणतो. कुठल्याही गोड वडीला ‘कँडी’ म्हणायची सवय अमेरिकेची. इंग्लंडात ‘शुगर कँडी’ म्हणजे खडीसाखर. सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं. त्यानंतर तिथं आलेला अधिकारी खव्याच्या मऊ पेढ्याला खडीसाखरेचं नाव कशाला देईल? मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांना ‘कँडी’ हा शब्द रोजचा होता खरा, पण तो वजनाचा. ती आपली खंडी, वीस मणांची. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे खंडी ५६० पौंडांची. रुईच्या बाजारात आजही भाव खंडीवरच बोलला जातो, फक्त ती खंडी ३५६ किलोची.

सुरण-रताळ्याचा ‘कंद’ इथं आणू नका, त्याचा काही संबंध नाही. आपला कंद फारसी आहे. ‘क़ंद’ म्हणजे साखर. इराणात आजही चहाबरोबर तोंडात धरायच्या साखरेच्या खड्याला क़ंदच म्हणतात. गुलकंद म्हणजे गुलाब आणि साखर, गुलाबाचं मूळ नव्हे. कलाकंदातही तोच. (समरकंदातला ‘कंद’ मात्र वेगळा. तो गावाचा, साखरेचा नाही.)

आणि हा फारसी क़ंद मूळचा कुठला? आपलाच. संस्कृत ‘खण्ड’, म्हणजे तुकडा, खडा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या मालाची यादी अशी आहे: फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा. ही यादी कोल्हापूरकराला कुणी समजावून द्यायला नको, ती गुऱ्हाळात उभी राहून वाचता येते. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढायची. रस आटत १०५ अंशांच्या आसपास आला की ती काकवी, म्हणजे फाणित. ११८ च्या सुमाराला गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो आणि काहील उतरवतो, तो गुड. आता खण्ड बघायचा असेल तर घट्ट काकवीची बरणी महिना-दोन महिने हलवू नका. तळाला खडे धरतात. सुरुवातीला माशाच्या अंड्यांसारखे बारीक आणि चिकट, तीच मत्स्यण्डिका. पुढं मोठे होतात, तो खण्ड. काकवी विकणाऱ्याला हे खडे नको असतात म्हणून तो उकळताना थोडं सायट्रिक आम्ल घालतो. त्यानं साखरेचा काही भाग फुटतो आणि उरलेलीला खडा धरता येत नाही. पातळ ठेवली तर खडे धरत नाहीत, पण आंबते. जुन्या लोकांनी हेच खडे मुद्दाम धरू दिले, उरलेली काकवी निथळून काढली आणि खांड विकली. खांडसरी हा शब्द त्यातलाच.

हा माल वायव्येच्या वाटेनं इराणात गेला. फारसीत आपला महाप्राण टिकला नाही, ‘ख’चा ‘क’ झाला. अरबांनी त्याचा ‘क़’ केला. ‘क़ंद’चं विशेषण ‘क़ंदी’, म्हणजे खडा धरलेली. फ्रेंचांनी ते ‘स्युक्र कांदी’ म्हणून उचललं आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत ‘शुगर कँडी’ झालं. म्हणजे इंग्रज इकडं यायच्या दोनशे वर्षं आधी आपला शब्द त्याच्या घरी पोचला होता.

इथं यूल आणि बर्नेल यांच्याशी भांडणं भाग आहे. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्यांनी संस्कृत ‘खण्ड’ सांगितला, आणि लगेच तमिळ ‘कर्कंडु’ पुढं करून फारसी शब्द तिकडूनच गेला असेल, मूळही द्राविडी असेल, असं सुचवलं. हे पटत नाही. ‘कर्कंडु’तला पहिला भाग ‘कल्’ म्हणजे दगड. कन्नडमध्ये खडीसाखरेला ‘कल्लुसक्करे’ म्हणतात, दगडी साखर. निपाणी-बेळगावकडं बाजारात हा शब्द रोज ऐकू येतो. तिथं ‘सक्करे’ जसा बाहेरून आलेला आणि ‘कल्लु’ मागाहून जोडलेला, तसंच तमिळचंही झालं. ‘कंडु’चा अर्थ नुसता ‘ढेकूळ’ असता तर त्याला आणखी दगड चिकटवायची गरज काय? आमची खडीसाखरही तशीच आहे: ‘शर्करा’चा मूळ अर्थच बारीक खडे, रेव. आयुर्वेदात लघवीतल्या रेतीलाही शर्कराच म्हटलंय. म्हणजे ‘खडीसाखर’ हा खड्याचा खडा झाला.

आता पेढ्याला ‘कंदी’ का म्हणायचं? माझा तर्क असा, आणि मी त्यावर ठाम आहे: ‘कंदी’ म्हणजे पाकातला नव्हे, कोरडी दाणेदार साखर घालून मळलेला. गुलकंद आठवा. पाकळ्या आणि साखर थरांनी भरायची, उन्हात ठेवायची; पाक करायचाच नाही. कलाकंदाची ओळखही दाणाच. पेढ्याचं काम बघा. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण २०० ते २२० ग्रॅम खवा पडतो. एक किलो खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत, तूप सुटेपर्यंत भाजायचा. मग खाली उतरवून कोमट होऊ द्यायचा आणि ३०० ग्रॅम बुरा साखर घालून मळायचा. गरम खव्यात साखर टाकली की ती विरघळते, खवा सैल होतो. मग परत आचेवर घेतला जातो आणि पेढा चिवट होतो. कच्चा भाजला तर ओल राहते, चार दिवसांत बुरशी. बुऱ्याऐवजी बाजारची पिठीसाखर घेतली तर तिच्यात बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं, त्यानं पेढा टाळूला चिकटतो. बुरा घरी करायचा तर एक किलो साखर, ती बुडेल इतकंच पाणी, गोळीबंद पाक, चमचाभर तूप. खाली उतरवून हात न थांबवता घोटायचं. पाक पांढरा पडतो, मग एकदम कोरडा होऊन रवा होतो. चाळून घ्यायचा. हा रवा म्हणजेच खांड, म्हणजेच कंद. पाकाची साखर परत खड्यावर आणायची, हेच तर ते काम.

राहिलं साताऱ्याचं. पेढा उत्तरेकडचा, मथुरेचा म्हणून प्रसिद्ध. धारवाडचा पेढाही उन्नावहून आलेल्या कुटुंबानं केला. मथुरेचा वरून बुऱ्यात घोळवलेला, धारवाडचा साखरेत, साताऱ्याचा नुसता. त्याची साखर सगळी आत, मळलेली. पेढा साताऱ्यानं शोधला नाही, ‘कंदी’ मात्र त्याच्याच नावावर राहू द्या.

आणि पाटी रंगवताना ‘क’वर अनुस्वार द्या. चंद्र पुसून टाका.